२००४ ची सिल्वराडो, साडेसात फुटी प्लाऊ: पुढच्या सस्पेन्शनच्या कामाच्या नोंदी

गाडी शेवरोले सिल्वराडो २५००एचडी, २००४ चं मॉडेल. दोन दरवाजांची कॅब, मागे आठ फुटी हौदा, ६.० लिटरचं पेट्रोल इंजिन, फोर बाय फोर. व्हीलबेस १३३ इंच. पुढे ना पाटे ना कॉइल स्प्रिंग, टॉर्शन बार आहेत. म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या (लोअर) आर्मपासून मागे कॅबखालच्या आडव्या क्रॉसमेंबरपर्यंत जाणारी एकेक लांब पोलादी सळई. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि तो पीळच गाडी तोलतो. प्लाऊ, म्हणजे गाडीच्या पुढे लावायचं बर्फ ढकलणारं पातं, साडेसात फुटी, सरळ पात्याचा, लोखंडी, गाडीबरोबरच आलेला.

ठिकाण न्यूयॉर्क राज्यातली ऑस्वेगो काउंटी, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्व टोकाला. सरोवर हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही. थंड वारा त्याच्या लांबीवरून येताना वाफ उचलतो आणि टग हिलच्या पठाराकडे चढताना ती बर्फ करून टाकतो. २००७ च्या फेब्रुवारीत याच काउंटीतल्या रेडफील्डमध्ये एका वादळात १४१ इंच बर्फ पडला होता. आमचा रस्ता खासगी, खडीचा आहे, टाउनचा प्लाऊ आत येत नाही. रस्त्याच्या शेवटी शेजाऱ्यांचा गोठा आहे आणि दुधाचा टँकर दिवसाआड आत यावाच लागतो. आजवर प्लाऊ चालवणारे गृहस्थ यंदा थांबले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मिशिगन, मिनेसोटा, कॅनडाकडच्या आपल्या लोकांपैकी कुणी जुनी पिकअप घेऊन हेच करणार असेल, त्यांच्यासाठी या नोंदी.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज फक्त तपासणी. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर जनरल मोटर्सचे ऑप्शन कोड छापलेले असतात. त्यात व्हीवाययू असेल तर गाडी कारखान्यातूनच प्लाऊच्या तयारीने आलेली असते. माझ्या स्टिकरवर तो कोड नाही. जाहिरातीत मात्र ‘प्लाऊ ट्रक’ लिहिलं होतं. जुनी गाडी घेताना हे स्टिकर आधी वाचा.

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली: दोन्ही बाजूंना जवळपास २३ इंच. या गाडीला हे फार झालं. खाली सरपटून पाहिलं तर दोन्ही टॉर्शन कीचे (की म्हणजे बारच्या मागच्या टोकावरची तरफ) अ‍ॅडजस्टर बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत आत घातलेले. वरचा आर्म खाली झुकून त्याच्या रबरी थांब्याला जवळजवळ टेकलेला, आणि पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या सीव्ही अ‍ॅक्सलचे सांधे नको तितक्या कोनात.

सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) सध्या इथे आहेत. एसटीच्या सांगलीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. टॉर्शन बार त्यांनी आधी हाताळलेले नव्हते, पण बॅटरी मारून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “जावईबापू, ह्यो बोल्ट पार टोकाला गेलाय बगा. पाटा बसला की खालनं ठोकळा दिल्यागत झालंय हे. गाडी वर दिसती, पाटा हाय तेवढाच मऊ.”

हेच नेमकं सांगायचं आहे. बार आवळल्याने गाडीची उंची वाढते, बारचा ताठपणा वाढत नाही. ताठपणा ठरतो सळईच्या जाडीवर आणि लांबीवर, आणि जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. व्यास थोडासा वाढला तरी फरक मोठा पडतो. आवळलेला बार प्लाऊच्या वजनाखाली पूर्वीइतकाच दबतो, फक्त वरून सुरुवात करतो. त्या बदल्यात चाकाला खाली जायला जागा राहत नाही. खड्डा आला की चाक लोंबकळतं, वरचा थांबा आपटतो, सीव्हीचे रबरी बूट फाटतात. ‘लेव्हलिंग की’ म्हणून विकतात तेही हेच काम वेगळ्या खाचेतून करतं. प्लाऊसाठी त्यावर पैसे घालू नका.

१८ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसातून लवकर निघून हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर वजन केलं. हे काटे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं देतात, आकडा २० पौंडांच्या टप्प्यात येतो. पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास, लगेच पुन्हा केलं तर थोडे आणखी. या सगळ्या कामातला सगळ्यात कामाचा खर्च हाच.

टाकी भरलेली, मी आत, प्लाऊ नाही: पुढे ३,२४०, मागे २,३२०, एकूण ५,५६० पौंड.

प्लाऊ लावून वर उचललेला: पुढे ४,२४०, मागे २,०६०, एकूण ६,३००.

प्लाऊचं वजन ७४० पौंड, पण पुढच्या अ‍ॅक्सलवर भार वाढला १,००० चा. वरचे २६० मागच्या अ‍ॅक्सलवरून उचलले गेले, कारण प्लाऊ पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो आणि पुढचा अ‍ॅक्सल तरफेचा टेकू होतो. हिशोब सोपा आहे: २६० भागिले ७४०, गुणिले १३३. उत्तर येतं साधारण ४७ इंच, म्हणजे प्लाऊचा तोल पुढच्या अ‍ॅक्सलच्या तितका पुढे आहे. आपल्या गाडीचे दोन आकडे मिळाले की हे कुणालाही काढता येतं. ‘प्लाऊ सातशे पौंडांचा, म्हणजे पुढे सातशे वाढले’ असं धरून स्प्रिंगा निवडणं चुकीचं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पाटीत पुढच्या अ‍ॅक्सलची कमाल मर्यादा असते. माझ्या गाडीला प्लाऊ उचलूनही चारशेहून थोडी जास्त पौंडांची मोकळीक उरते. पूर्ण गाडीची मर्यादा ९,२०० आहे, तिथे प्रश्नच नाही. पाटीची मर्यादा ओलांडली जात असती तर मी हा प्लाऊ विकून हलका घेतला असता. जाड बार, रबर, काहीही घातलं तरी पाटीवरचा आकडा बदलत नाही. हब बेअरिंग, बॉल जॉइंट, ब्रेक, अ‍ॅक्सल सगळं तेच राहतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

बार मूळ उंचीवर आणायचे होते. वेळ सगळा गंजाने खाल्ला. इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि वीस हिवाळे खाल्लेल्या बोल्टचे आटे नटप्लेटशी एकजीव झालेले असतात. आठवडाभर रोज संध्याकाळी भेदक तेल मारत होतो. ड्रायव्हरची बाजू सुटली. दुसऱ्या बाजूचा बोल्ट अर्धा बाहेर येऊन अडला, आणि षटकोनी डोकं गोल व्हायला लागलं. तिथे थांबलो. बार पिळलेला असताना बोल्ट तुटला तर की जोरात खाली येते, आणि तिच्यासमोर हात किंवा तोंड असेल तर काय होईल ते सांगायला नको.

मामांचं म्हणणं पडलं की बोल्ट तापवायचा. बारच्या इतक्या जवळ ज्योत न्यायला मी तयार झालो नाही, स्प्रिंगचं पोलाद तापलं की त्याचं पाणी जातं. त्यांनाही ते पटलं. ठरलं असं की आधी टूलने भार काढून घ्यायचा आणि मग बोल्टचं काय करायचं ते बघायचं.

२८ सप्टेंबर, शनिवार

टॉर्शन बार अनलोडिंग टूल पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून मिळालं, परत दिलं की पैसे परत. ते क्रॉसमेंबरला अडकतं आणि मधला जाड स्क्रू कीला वर ढकलतो, त्यामुळे बोल्टवरचा ताण जातो. काही लोक सी-क्लॅम्प लावून हे करतात. करू नका. क्लॅम्प घसरला की काय होतं ते पाहण्यासाठी जीव धोक्यात घालण्यासारखं यात काही नाही.

पुढची चेसिस घोड्यांवर (जॅक स्टँडवर), चाकं काढलेली, आर्म खाली लोंबकळलेले. या स्थितीत बारवर सगळ्यात कमी पीळ असतो. टूलच्या स्क्रूला भरपूर ग्रीस लावलं. भार गेल्यावर अडलेला बोल्ट ग्राइंडरने कापला, नटप्लेटसह. दोन्ही बाजूंना नवे बोल्ट आणि प्लेटा, चाळीस डॉलर.

मग बार काढायचे. लोअर आर्मच्या षटकोनी खोबणीत बार पुढे सरकवला की मागून की मोकळी होते. कागदावर दहा मिनिटांचं काम, पण गंजाने बार खोबणीत घट्ट बसला होता. लोअर आर्मच्या टोकावर, बारला हात न लावता, पितळी ड्रिफ्ट ठेवून हातोडा मारत बसलो. उजवा बार दुपारी निघाला, डावा अंधार पडताना.

बारला पाइप रेंच लावू नका. त्याच्या दातांचा ओरखडा पडला तर त्याच जागी पुढे तडा जातो, कारण पीळ सगळा पृष्ठभागावर सोसला जातो. नवे-जुने बार घेतानाही आधी पृष्ठभागावरून बोट फिरवून बघा.

५ ऑक्टोबर, शनिवार

जाड बार मागवले होते. माझ्याच पिढीची डिझेल २५००एचडी भंगारात निघाली होती, तिचे. डिझेल इंजिन बरंच जड, म्हणून त्या गाड्यांना कारखान्यातूनच जाड बार येतात. जोडीचे १६० डॉलर, वर वाहतुकीचे ४५.

पार्सल उघडलं तर दोन्ही बारच्या टोकावर ‘एल’. डावा आणि उजवा बार अदलाबदल करता येत नाहीत. प्रत्येकाला कारखान्यातच त्याच्या दिशेने आधी पीळ दिलेला असतो, उलट दिशेने वापरला तर तो आयुष्य गमावतो. विकणाऱ्याने चूक मान्य करून उजवा पाठवायचं कबूल केलं, पण दोन आठवडे गेले. फोनवर मागवताना टोकाच्या अक्षराचा फोटो आधी मागा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बार येईपर्यंत स्टिअरिंग उघडलं. सगळ्यात जास्त फायदा खरं तर या दिवसाच्या कामाने झाला, आणि सस्पेन्शनबद्दल बोलताना लोक नेमकं हेच वगळतात.

या गाड्यांना स्टिअरिंग बॉक्सवरचा पिटमन आर्म, मधला लांब लिंक आणि त्याचं दुसरं टोक धरणारा पॅसेंजर बाजूचा आयडलर आर्म, अशी जुनी रचना आहे. आयडलर आर्म हा तिचा कच्चा दुवा. हजार पौंड जास्तीचे, पुढे लटकलेलं पातं आणि गोठलेल्या खडीवर ढकलाढकली: प्रत्येक धक्का चाकं वळवणाऱ्या टायरॉडमधून याच सांध्यांवर येतो. मी आत बसून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत होतो आणि मामा खालून बोट लावून प्ले (ढिलेपणा) बघत होते. आयडलर आर्म वर-खाली स्पष्ट हलत होता. पिटमन आर्मच्या सांध्यातही प्ले. “हितनंच गाडी भरकटत असणार,” मामा म्हणाले. रिकाम्या गाडीला हायवेवर जे डुलणं होतं, त्याचं कारण सापडलं.

आयडलर आर्म त्याच्या ब्रॅकेटसकट १३५ डॉलर, पिटमन आर्म ८०, बाहेरचे टायरॉड एंड आणि स्लीव्ह १५०. पिटमन आर्मला पुलर लागतोच. दोन हातोड्यांच्या युक्तीने ठोकायला गेलात तर स्टिअरिंग बॉक्सच्या आतल्या भागांना धक्का बसतो. पुलर पूर्ण आवळून तसाच ठेवला, चहा घेऊन आलो आणि पुलरच्या डोक्यावर एक फटका दिला, आर्म सुटला. टायरॉडच्या जुन्या स्लीव्हवरचे आटे मोजून लांबी जुळवली, म्हणजे चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नीट जाते.

मग बॉल जॉइंट. टॉर्शन बारचा भार लोअर आर्मवर असल्यामुळे खालचा बॉल जॉइंट वजन उचलतो. चेसिसखाली जॅक लावून चाक हलवलं तर प्ले दिसत नाही, बारचा दाब त्याला घट्ट धरून ठेवतो. जॅक लोअर आर्मखाली, शक्यतो बॉल जॉइंटच्या जवळ लावायचा आणि मग चाकाखाली पहार घालून उचलून बघायचं. माझे बार निघालेलेच होते, त्यामुळे हाताने हलवूनही कळलं: ड्रायव्हर बाजूचा खालचा गेलेला. ५५ डॉलरचा नवा, अनामतीवर आणलेल्या प्रेसने बसवला. जुना बाहेर काढायला जितका वेळ लागला, त्याच्या पावपटही नवा घालायला लागला नाही. दुसऱ्या बाजूचा पक्का होता, पण मी तोही तेव्हाच बदलायला हवा होता असं आता वाटतं, कारण आर्म उघडाच होता.

वरच्या आर्मचे कॅम बोल्ट (यांनीच कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकाच्या झुकावाचे कोन, बसवतात) याच दिवशी सोडवून, साफ करून, अँटी-सीझ (आटे गंजून अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावून परत घातले. अलाइनमेंटचं दुकान गंजलेल्या कॅमना हात लावत नाही, किंवा तासाचे पैसे लावून सोडवतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

उजवा बार आला. बोट फिरवलं, स्वच्छ. बसवताना षटकोनी टोकांना ग्रीस, अ‍ॅडजस्टर बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ, कीच्या खळग्यात, जिथे बोल्टचं टोक टेकतं, तिथेही ग्रीस. बोल्ट दोन्ही बाजूंना सारखा आत घेतला आणि गाडी जमिनीवर उतरवली. पुढे-मागे ढकलल्याशिवाय उंची मोजू नका; चाकं जागेवर बसायला थोडं फिरावं लागतं, नाहीतर टेप खोटं सांगते.

जाड बारांमुळे बोल्ट आधीच्या मानाने खूपच कमी आत गेला आणि उंची २१ इंच आली. वरचा आर्म थांब्यापासून दूर, सीव्हीचे सांधे जवळपास सरळ. ही खरी मूळ उंची.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदलले, बिल्स्टीनचे, मूळ उंचीसाठीचे, जोडी २१० डॉलर. बार ताठ केला की उसळी आवरायला शॉकही तितकाच दमदार हवा. जुन्यांतून तेल आधीच गळून गेलेलं होतं.

प्लाऊ लावून पाहिला. जुन्या बारांवर सव्वादोन इंच नाक खाली जात होतं (१८ सप्टेंबरला, बोल्ट आवळलेल्या स्थितीत मोजलं होतं). आता पावणेदोन. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मामा गुरुवारी दिवाळीसाठी सांगलीला परतले. आज एकटाच.

मूळ बंप स्टॉप (आर्म वर आपटू नये म्हणून असलेले रबरी थांबे) काढून टिंब्रेन बसवले. ही पोकळ रबराची जाड स्प्रिंग चेसिस आणि लोअर आर्म यांच्यामध्ये बसते. जितकी दाबावी तितकी ताठ होत जाते. जोडी २४० डॉलर. जुना बंप स्टॉप कपात दाबून बसवलेला असतो, मोठ्या चिमट्याने पकडून पिळत ओढला की निघतो. कपाच्या तळाशी गंजाचा थर होता, तो वायर ब्रशने साफ करून रंग दिला आणि मग नवा बसवला.

पहिली अडचण लगेच आली. रिकाम्या गाडीला रबर आर्मला सतत टेकत होतं, आणि गावातल्या रस्त्यावर प्रत्येक सांधा थेट सीटमध्ये आला. टिंब्रेन भार आल्यावर कामाला लागायला हवं, त्याआधी नाही. उपाय: अ‍ॅडजस्टर बोल्ट थोडे आत घेऊन उंची २१.५ इंच केली. आता रिकाम्या गाडीला रबर आणि आर्ममध्ये बोटभर फट आहे, आणि वरचा आर्मही त्याच्या थांब्यापासून पुरेसा लांब. प्लाऊ उचलल्यावर फट बंद होते आणि रबर भार घेतं. अर्धा इंच आवळणं या कारणासाठी ठीक, दोन इंच नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

दोन कामं: मागचं वजन आणि प्लाऊची उंची.

मागच्या अ‍ॅक्सलवरून गेलेले २६० पौंड परत आणल्याशिवाय पुढचं काम अपुरं आहे, हे मला आकडे समोर असल्यामुळेच पटलं. ७० पौंडांच्या वाळूच्या आठ लांब पिशव्या, मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, टेलगेटजवळ. अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवल्या तर त्यांतलं वजन पुढच्या चाकांवरही जातं, मग उपयोग उलटा. ब्रेक मारल्यावर पिशव्या कॅबकडे घसरू नयेत म्हणून लाकडी पट्ट्यांची चौकट करून हौद्यात अडकवली. वाळू अडकलात तर चाकाखाली टाकायलाही कामाला येते.

प्लाऊची उंची: गाडीची उंची बदलली की पात्यामागचा ए-फ्रेम जमिनीशी समांतर राहत नाही. तो तिरपा असेल तर पात्याचा जमिनीशी कोन बदलतो, पातं नीट खरवडत नाही आणि अडथळा आल्यावर पुढे झुकायला हवं तेव्हा नीट झुकत नाही. मागच्या मालकाने गाडी २३ इंचांवर चढवून ठेवली होती, आणि पात्याची खालची धार एकाच अंगाने झिजलेली होती, त्याचं कारण बहुधा हेच. आता माउंट एक भोक खाली घेऊन फ्रेम समांतर आणला. खडीचा रस्ता असल्याने पात्याखालचे शू (पातं जमिनीपासून वर धरणारे टेकू) थोडे खाली सोडले, नाहीतर बर्फाबरोबर खडीही शेजाऱ्यांच्या कुरणात जाते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

अलाइनमेंट, १३० डॉलर. बार बसून स्थिरावावेत म्हणून मधल्या दिवसांत ऑफिसला याच गाडीने गेलो. ड्रायव्हर बाजू पाव इंच बसली होती, ती सकाळी जुळवून घेतली. दुकानाला सांगितलं: वाळू मागे आहे, ती तशीच राहू द्या, प्लाऊ नाही. प्लाऊ लावून अलाइन केलं तर उरलेला सगळा वेळ टायर झिजतात. टो (चाकांचा आत-बाहेर रोख) बराच बाहेर होता, कॅम्बर दोन्ही बाजूंचा आला. कॅम हाताने फिरत होते, त्यामुळे जास्तीचा एक पैसाही लागला नाही.

येताना परत काट्यावर. वाळू आणि उचललेला प्लाऊ: पुढे ४,०८०, मागे २,७८०, एकूण ६,८६०. वाळूने पुढचे १६० पौंड काढून घेतले आणि मागे ७२० दिले. नाक आता एक इंचच खाली जातं.

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सरोवरावरून बर्फाच्या ढगांचा पट्टा लागला. मोठा मारा आमच्या उत्तरेला, वॉटरटाउनकडे. आमच्याकडे पहाटेपर्यंत गुडघ्याएवढा, वर भुसभुशीत, खाली ओला आणि जड.

गाडी रेघ धरून चालली. मला सगळ्यात जास्त भीती होती ती पातं वर उचलून उलट घेताना आणि उंचवट्यावर नाक आपटण्याची. ते आता होत नाही. नाक एकदा खाली जातं आणि तिथेच थांबतं. पातं तिरकं करून ढकलताना स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जातं, ते राहणारच, पण पूर्वी जो उशीर लागायचा (स्टिअरिंग वळवलं आणि चाक क्षणभराने ऐकतंय असं) तो गेला. तो आयडलर आर्मचा होता, बारचा नव्हता.

गोठ्यासमोर गोठलेल्या शेणाच्या ढिगाच्या कडेला पातं अडलं. ते नीट पुढे झुकलं आणि सरळ झालं. ए-फ्रेम समांतर केल्याचं काम तिथे दिसलं. टँकर साडेसहाला आत आला आणि मागे-पुढे न करता वळून गेला.

रस्त्यावरून जाताना पातं खूप वर उचललेलं ठेवू नका: रेडिएटरची हवा अडते आणि हेडलाइट झाकले जातात. सावकाश चालवा. आणि काम संपलं की प्लाऊ उतरवून ठेवा, तो लटकवून ऑफिसला जाणं म्हणजे हे सगळे नवे सांधे फुकट झिजवणं.

८ डिसेंबर, रविवार

गाडी घोड्यांवर घेऊन सगळं पाहिलं. पॅसेंजर बाजूच्या टिंब्रेनचा बोल्ट सैल झाला होता, थ्रेड लॉकर लावून परत आवळला. नव्या सांध्यांना ग्रीस निपल आहेत, त्यांत ग्रीस मारलं. जुन्यांना ते नव्हतेच. पाण्याने मीठ धुतलं, सुकू दिलं आणि चेसिस, बारची टोकं, अ‍ॅडजस्टर बोल्ट यांवर लॅनोलिनचं तेल फवारलं. या भागात गाडी टिकवण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

खर्च आतापर्यंत सुमारे १,३५० डॉलर: भाग, वाहतूक, वाळू, अलाइनमेंट, काटा सगळं धरून. वेळ मुख्यतः गंजाने आणि चुकीच्या पार्सलने खाल्ला. पैसे कमी असतील तर माझ्या मते क्रम असा: काटा, मागची वाळू, स्टिअरिंगचे सांधे आणि बॉल जॉइंट, मग टिंब्रेन, मग शॉक. जाड बार सगळ्यात शेवटी. बार चांगले, पण ढिल्या सांध्यांच्या गाडीला बार घालून काही मिळत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

उंची दोन्ही बाजूंना २१.५ वर टिकून आहे. टायर सारखे झिजताहेत. ड्रायव्हर बाजूच्या बाहेरच्या सीव्ही बुटाला घडीपाशी बारीक चीर दिसली, ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही. मागच्या मालकाच्या काळात वर्षानुवर्षं चुकीच्या कोनात फिरलेला बूट आहे, नवा अ‍ॅक्सल मागवला आहे. तो बसवताना पॅसेंजर बाजूचा खालचा बॉल जॉइंटही बदलणार. मामांना फोटो पाठवले, त्यांनी फक्त विचारलं की अ‍ॅडजस्टर बोल्टचे किती आटे बाहेर दिसतात. मोजून कळवले.